करवतीच्या आवाजात झोपणारं गाव

भुशी जन्मली तेव्हा दवाखान्याच्या खिडकीची काच थरथरत होती. ही थरथर सॉ मिलच्या करवतीची आहे हे मला चांगलं ठाऊक होतं, तरी मी नर्सला विचारलं, "भूकंप नाही ना?" नर्सने काचेकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "बाई, काच थांबली की घाबरा."

मी घाबरायला कुणाच्या परवानगीची वाट बघत नाही. बाळ झोपलं की श्वास चालू आहे ना म्हणून घाबरते, चालू असला की एवढा जोरात का म्हणून घाबरते. पदवी घेतल्याचा उपयोग एवढाच, की हल्ली मी संदर्भांसहित घाबरते.

पण झोपेची काळजी मात्र मला कधी करावी लागली नाही. आमच्या गावात पोरं झोपवत नसत, ती झोपत. गावाभोवतीच्या टेकड्यांवर कंपनीने लावलेली झाडं, उंचीप्रमाणे रांगेत उभी केल्यासारखी. ती तोडायची, ओंडके ट्रकमधून मिलमध्ये आणायचे आणि मिलमध्ये डिझेलच्या इंजिनावर चालणारी ती भलीमोठी करवत त्यांच्या फळ्या करायची. इंजिन सुरू झालं की गावाच्या पायाखालची जमीन हलक्या हाताने थोपटल्यासारखी हलायची. पेल्यातल्या पाण्यावर बारीक रिंगणं उठायची, फळीवरचे कप हळूहळू कडेला सरकायचे, भिंतीवरचे फोटो वाकडे व्हायचे आणि गावातली यच्चयावत पोरं डोळे मिटायची. सासूबाई दर संध्याकाळी कप मागे सारायच्या, फोटो सरळ करायच्या आणि मगच चहा टाकायच्या.

सगळं गाव त्या ओंडक्यांवर चालायचं. सासूबाई कंपनीच्या रोपवाटिकेत मातीच्या पिशव्या भरायच्या. नणंदेची खानावळ ट्रक ड्रायव्हरांच्या भुकेवर चालायची आणि शेजारच्या पंक्चरकाकांचं पोट ट्रकच्या टायरांवर. माझा नवरा करवतीच्या दातांना धार लावतो, म्हणून सगळे त्याला दात्या म्हणतात. मीही म्हणते, फक्त रागात असले की जरा लांबवून म्हणते. पोरीचे केस ताज्या भुशाच्या रंगाचे, म्हणून ती भुशी. तिचं खरं नाव तिच्या लसीकरणाच्या कार्डापुरतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. करवतीपुढे माणसाचा आवाज चालत नाही, म्हणून मिलमध्ये हातांनी बोलतात. मूठ वर केली की थांबव. बोट हवेत गोल फिरवलं की चालू दे. हे इशारे मिलच्या फाटकातून केव्हाच गावात आले होते. खानावळीत भात नको असला की मूठ वर, गप्पा रंगल्या की बोट गोल. दात्याने मला मागणी घातली तेव्हा तोंडातून एक शब्द काढला नव्हता. रस्त्याच्या पलीकडून बोट गोल फिरवत, भुवया उंचावून विचारलं होतं, चालू ठेवायचं का? मी इकडून तिकडून बघून घेतलं आणि बोट फिरवलं. माझी आई अजून म्हणते, "पोरीने लग्न ठरवलं की गाडी पार्क करायला मदत केली?"

तर, कंपनीने लागवड बंद केली. दुसरीकडे कुठे तरी झाडं आमच्यापेक्षा लवकर वाढतात, असं मिलच्या मुकादमांनी सांगितलं. "मग तिकडच्या झाडांनी खाल्लंय तरी काय," असं सासूबाई म्हणाल्या, जणू शेजारणीच्या मुलाबद्दल बोलतायत. शेवटच्या टेकडीवरचे ओंडके आले, कापून झाले, आणि एका दुपारी करवत थांबली.

पेल्यातलं पाणी थांबलं. काच थांबली. भुशीने डोळे उघडले आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काही तरी बंद केलंय.

त्यानंतर ती झोपली म्हणजे कशी, तर डुलकी घ्यायची आणि दचकून उठायची. दुपार बिघडली की रात्र बिघडते, रात्र बिघडली की दुसरा दिवस. मी खिडक्या लावल्या, उघडल्या. पाळण्याचं तोंड दारापासून भिंतीकडे केलं. गाणी म्हटली, ती ऐकून भुशी जास्तच जागी झाली. दात्याने मिक्सर रिकामाच फिरवला, मिक्सर जळाला. मग त्याने स्वतः तोंडाने करवतीचा आवाज काढला. चांगला काढला. सासूबाई गाढ झोपल्या, भुशी टाळ्या वाजवत बसली. मोबाइलवर करवतीचा आवाज लावून बघितला, तर तिने मोबाइल चाटला.

मला वाटत होतं हे फक्त आमच्याच घरी आहे. सगळ्यांनाच तसं वाटत होतं, कारण आपलं पोर झोपत नाही हे कुठली आई चारचौघांत सांगेल? पण गावाचं डोकं ठिकाणावर नव्हतं हे दिसत होतं. शिंप्याने एका शर्टाला तीन बाह्या लावल्या आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "असू द्या, एक जादा." नणंदेने चहात मीठ घातलं, तो पंक्चरकाकांनी पिऊन टाकला आणि छान झालाय म्हणाले. करवत नसल्यामुळे फोटो आता वाकडे होत नव्हते, पण सासूबाई सवयीने रोज सरळ करत होत्या, त्यामुळे आठवडाभरात सासऱ्यांचा फोटो जवळपास आडवा झाला. त्याच्याकडे बोट दाखवून आम्ही दोघी हसायला लागलो ते थांबेचना. हसता हसता सासूबाई जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "अगं, मला रडायचं होतं, हे भलतंच काय सुरू झालं?"

मी मात्र मनाशी निदान करून टाकलं होतं: कानाचा आजार. भुशीला घेऊन बसने शहरातल्या बालरोगतज्ज्ञांकडे गेले. वेटिंग रूममध्ये शिरले तर समोर शिंप्याची सून, तिच्या मांडीवर तिचा मुलगा. कोपऱ्यात मुकादमांची लेक, जुळ्यांना घेऊन. खिडकीशी शाळेतल्या शिक्षिका, खांद्यावर बाळ.

"तू इकडे कुठे?" शिंप्याची सून.

"लस राहिली होती," मी.

"आमचीही लसच," शिक्षिका म्हणाल्या.

जुळ्यांची आई जांभई देत म्हणाली, "खोटं बोलायला अंगात त्राण असतं बायांनो तुमच्या. माझ्यात नाही. माझी झोपत नाहीत."

कुणी काही बोलायच्या आत भिंतीपलीकडून घरघर सुरू झाली. शेजारी सुताराचं दुकान होतं आणि त्याने रंध्याचं मशीन लावलं होतं. बाकड्याची फळी हलली. आणि माझ्या डोळ्यांदेखत पाचही पोरांच्या माना एकदम कलल्या, कुणी तरी दिवा मालवल्यासारख्या.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. हसू यायला लागलं, पण पोरं उठतील म्हणून तोंडावर पदर, ओढणी, जे हाताला लागलं ते दाबून आम्ही गदागदा हलत होतो. कंपाउंडर बाहेर येऊन म्हणाला, "कोणाचा नंबर?" चार मुठी एकदम वर गेल्या. तो बिचारा आत पळाला.

घरी येताना मी इतकी खुशीत होते की बसमध्ये अनोळखी बाईला सगळी हकिगत सांगितली. उत्तर सापडलं होतं. करवत सुरू करायची, बस.

दारात दात्या पायरीवर बसला होता. एका पायात चप्पल, दुसऱ्यात बूट.

"करवत विकली गेली," तो म्हणाला. "परवा न्यायला येतोय. उचलशेठ."

उचलशेठ म्हणजे बंद पडलेल्या कारखान्यांची यंत्रं विकत घेणारा व्यापारी. आधी तो येतो, मग त्याची क्रेन, मग तिथे नुसतं गवत येतं. मी पिशवी खाली ठेवली.

"आणि मग तू?"

"लांबच्या एका फर्निचर कारखान्यात जागा आहे. तिकडे पातं बोथट झालं की फेकून देतात. मला खोकी उचलायचं काम देतायत." त्याने बुटाकडे बघितलं. "करवत गेली की इथे मी कशाला धार लावू? तुझ्या जिभेला गरज नाही."

मी त्याला सुताराचं मशीन, कललेल्या माना, सगळं सांगितलं. तो हसला, पण हिशोब सरळ होता. करवत गेली तर भुशीची झोप जाणार, त्याचं काम जाणार आणि खोक्यांच्या मागे आम्हीही जाणार. सासूबाई येणार नाहीत हे त्यांनी आतूनच ओरडून सांगितलं.

मुकादम सरळ माणूस. म्हणाले, "व्यवहार झालाय, त्यात बदल नाही. पण लाकूड कापून दाखवल्याशिवाय शेठ मशीन उचलणार नाही, हे ठरलंय."

"मग दाखवू," मी म्हटलं. "नीट दाखवू. चांगली दुपारभर दाखवू." बाकीचं मी शेठशी बोलणार होते. भाषणच तयार केलं. लागवड बंद झाली तर गावाचं काय, करवत राहिली तर पडकी झाडं, जुने वासे, काय काय कापता येईल, खानावळ, टायर, रोपवाटिका, मुद्देसूद. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. भुशीने दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या.

अडचण एकच होती. मिलच्या आवारात एकही ओंडका उरला नव्हता.

"माझा न्या," नणंद म्हणाली. खानावळीपुढे एक ओंडका पडलेला असायचा, ड्रायव्हरांना बसायला. वर्षानुवर्षांच्या पँटींनी घासून तो गुळगुळीत झाला होता. "बसणारेच गेले तर ठेवून काय त्याची पूजा करू?"

शेठ यायच्या दिवशी सकाळी आम्ही तो हलवायला गेलो. खानावळ उताराच्या माथ्यावर आणि मिल तळाशी. दात्याने पहार घातली, पंक्चरकाकांनी जोर लावला, शिंप्याने नुसता आवाज लावला आणि ओंडका हलला. एकदा हलला तो आमचा राहिला नाही. पहिल्यांदा सावकाश, म्हाताऱ्यासारखा कण्हत, मग सरळ निघालाच. आम्ही सगळे मागे, दोन्ही मुठी वर करून, थांब, थांब. झोप न झालेलं गाव ओंडक्याला इशारे करतंय. नणंद पळता पळता म्हणाली, "त्याला डोळे कुठायत?" आणि तिथून जे हसणं सुटलं ते उतार संपेपर्यंत. मी बाबागाडी धरून पळत होते आणि भुशी आत उड्या मारत होती. तिला कुठे लागणार नाही ना, ही काळजी मला आली, पण माझ्या मागे पडली. शेवटी पंक्चरकाकांच्या जुन्या टायरांच्या ढिगात ओंडका घुसला आणि मिलच्या फाटकापाशी निमूट थांबला.

दात्याने त्यावर दोनदा हात फिरवून खिळा नाही ना बघितलं, कारण एक खिळा करवतीचे सगळे दात पाडतो. मग लोक घरून आणलेली लाकडं ठेवायला लागले: मोडका पलंग, दाराची चौकट, कुणाचा तरी झोका. दात्या एकेका खिळ्यासाठी सगळ्यांना परत पाठवत होता.

उचलशेठ आला. मागे ट्रक, त्यावर क्रेन, आणि करवत वाटेत हलू नये म्हणून तिच्याखाली द्यायचे लाकडाचे जाडजूड ठोकळे. शेठ गुबगुबीत, डोळ्यांखाली काळं. आवारात तीसेक आया, आज्या, बाबागाड्या बघून तो दबकला.

"एवढ्या बायका कशाला?"

"बघायला," मुकादम म्हणाले.

"मशीन बघायला?"

"तुमच्याकडे नाही बघत?"

मी पुढे झाले. "शेठ, मला जरा बोलायचंय."

"आधी चालवून दाखवा, मग बोला ताई." आणि दात्याने इंजिन सुरू केलं.

पायाखाली तेच जुनं थोपटणं. भुसा उडेल म्हणून आम्ही मिलच्या ऑफिसात काचेआड बसलो होतो, तरी फरशीतून ते अंगात चढलं. भुशीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मिटली. जुळी मिटली. शिंप्याचा नातू बोटं तोंडात तशीच ठेवून मिटला. सगळ्या आयांनी एकमेकींना बोटं फिरवून दाखवली. चालू दे, चालू दे. मी म्हटलं, आता शेठकडे जायचं, मुद्दा पहिला. पाठ जराशी भिंतीला टेकवली.

पुढचं मला दात्याने सांगितलं, कारण जागा तेवढा तोच होता. मी भाषण मनात घेऊन झोपले. सासूबाई उभ्याउभ्या झोपल्या. पंक्चरकाका टायरात, शिंपी पंक्चरकाकांवर. क्रेनचा ड्रायव्हर क्रेनमध्ये. शेठ भुशाच्या ढिगावर टेकला, म्हणाला, "आवाज बरोबर आहे," आणि आडवा झाला. दात्याने काचेतून भुशीकडे बघितलं आणि ओंडका शक्य तितका पातळ कापायला घेतला. फळ्या इतक्या पातळ की पलीकडचा माणूस दिसावा. ओंडका संपला, पलंग संपला, चौकट संपली. मग लाकूडच उरलं नाही म्हणून त्याने इंजिन बंद केलं.

क्षणभर काही नाही. मग सगळी पोरं एकदम. तो कालवा मलाही आठवतो, झोपेतून वर येताना सायरन वाजावा तसा. आणि त्यात, डोळेही न उघडता, उचलशेठने एक हात वर केला आणि बोट हवेत गोल फिरवलं.

काचेतून आमचं बघून त्याने ते उचललं होतं.

दात्याचं काय चुकलं? मिलमध्ये मोठा झालेला माणूस. चालू दे म्हटलं की तो लाकूड शोधतो, कारण विचारत नाही. आवारात तर काडी नव्हती. होते ते ट्रकवरचे ठोकळे.

दुसऱ्यांदा जाग आली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. शेठने आळस दिला, हाडं मोडली, सगळ्यांकडे बघून हसला. चेहरा दहा वर्षांनी लहान. मग ट्रककडे गेला.

"माझे ठोकळे कुठायत?"

दात्याने नीट रचून ठेवलेल्या फळ्या दाखवल्या. सुंदर फळ्या. कडा अशा की बोट फिरवावंसं वाटावं.

"करवतीखाली द्यायचे ठोकळे तू करवतीनेच कापलेस?"

"तुम्हीच म्हणालात, चालू दे."

"मी?"

सगळ्या आवाराने बोटं गोल फिरवून दाखवली. क्रेनच्या ड्रायव्हरनेही, लबाडाने.

शेठ चिडायचा प्रयत्न करत होता, पण झोप झालेल्या माणसाला चिडणं जड जातं. त्याने एक फळी उचलली, वाकवून बघितली, नखाने वाजवली. मला वाटलं, हीच वेळ. मी तोंड उघडलं आणि सगळे मुद्दे गायब. एवढंच निघालं, "शेठ, आमची पोरं हिच्याशिवाय झोपत नाहीत."

त्याने फळी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "हिच्या आवाजात कुणाचंही पोर झोपतं का?"

"कुणाचंही म्हणजे?"

"माझ्या मुलीचा मुलगा. चार महिन्यांचा आहे. घरात कुणी..." आणि त्याचे डोळे भरूनच आले. "काल मी म्हणत होतो, एवढ्या बायका कशाला जमल्यात. आता कळलं."

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा ट्रकमध्ये ठोकळे नव्हते. पुढच्या सीटवर त्याची मुलगी, तिच्या मांडीवर लालबुंद झालेला नातू. इंजिन सुरू झालं. नातू नवखा, त्याला वेळ लागला. पंक्चरकाकांनी पैज लावली, नणंदेने जिंकली.

करवत शेठचीच आहे, फक्त उचललेली नाही. बंद पडलेल्या ठिकाणांहून तो जुने वासे, पेट्या, पडकी झाडं पाठवतो, दात्या खिळे काढून त्यांच्या पातळ फळ्या करतो आणि त्या शेठ नेतो. असल्या फळ्या दुसरीकडे कुणी काढत नाही, कारण बाकीच्यांना लाकूड संपवायची घाई असते. सगळं काही सावरलं असं नाही. ओंडक्यांचे ट्रक तोलायचा वजनकाटा गंजला. टेकडीपलीकडची दोन घरं कुलूप लावून गेली, त्यातल्या एका घरात माझी मैत्रीण राहायची. पण दुपारी उतारावर गाड्या लागतात. शेठच्या मुलीने आणखी कुणाला सांगितलं, तिने आणखी कुणाला, आणि आता लांबून लांबून तारवटलेल्या डोळ्यांच्या आया येतात. नणंदेच्या खानावळीत बाप लोक बसतात आणि ड्रायव्हरांपेक्षा जास्त जेवतात. पंक्चरकाका बाबागाड्यांची चाकं करतात. सासूबाईंनी रोपवाटिकेतली उरलेली रोपं टेकडीवर लावायला घेतलीत, रांगेत नाही, कशीही. "एवढी शिस्त लावून तरी काय मिळालं त्यांना," म्हणतात. घरातले फोटो पुन्हा वाकडे व्हायला लागलेत.

आता परवाची गोष्ट. इंजिनाचा पट्टा तुटला म्हणून करवत बंद होती. मी भुशीला दुधाची वाटी देऊन कपडे वाळत घालायला गेले. परत आले तर ती सतरंजीवर झोपलेली. घर शांत, पेल्यातलं पाणी काचेसारखं. मी धावत जाऊन नाकाखाली बोट धरलं. श्वास. कपाळाला हात लावला, गार. तळव्याला गुदगुल्या केल्या, पाय आखडून घेतला तिने. झोपली होती, बाकी काही नाही. नीट, आपापली.

मी तिथेच बसले आणि घाबरले. ही बातमी बाहेर गेली तर?

दुसऱ्या दिवशी पट्टा बसला. मी भुशीला बाबागाडीत घातलं आणि मिलवर गेले. ऑफिसात जुळ्यांची आई होती, शिंप्याची सून होती, शिक्षिका होत्या. इंजिन सुरू झालं. भुशी टक्क जागी राहिली. मी घाईने तिच्यावर दुपटं ओढलं. मग बाजूला बघितलं. शिंप्याचा नातू उठून बसला होता आणि शिंप्याची सून त्याचं डोकं हळूच खाली दाबत होती. जुळी एकमेकींचे केस ओढत होती. त्यांची आई खिडकीबाहेर बघत होती, अगदी निरागस.

"झोपली?" तिने मला विचारलं.

"गाढ," मी म्हटलं. "तुझी?"

"केव्हाच."

दुपट्याखालून भुशी खुदकन हसली. कुणीच काही ऐकलं नाही. कोपऱ्यात बाहेरगावच्या दोन नव्या आया तोंड उघडं टाकून घोरत होत्या, त्यांची पोरं त्यांच्या छातीवर. काचेपलीकडून दात्याने मान वळवून भुवया उंचावल्या, पुढचं लाकूड लावू का?

भुशीने दुपट्यातून हात बाहेर काढला. बोट अजून तिला नीट फिरवता येत नाही, सगळी मूठच फिरते. पण गोल फिरते.